दारातलं किरकोळ

३ फेब्रुवारी

गुंजे,

शाळेत पत्रलेखन शिकवताना सिस्टर सांगायच्या, राग आला असेल तर आधी तारीख लिहा, तेवढ्यात निम्मा राग उतरतो. तारीख लिहिली. उतरला नाही. तेव्हा आशीर्वाद सध्या राखून ठेवते आणि सरळ मुद्द्यावर येते.

तुझा टेम्पोवाला आज दुपारी आला आणि तुझ्या बाबांच्या गाडीचा अर्धा संसार माझ्या बैठकीच्या खोलीत ओतून गेला. मागची सीट, पुढची डावी सीट, स्टेपनी, जॅक, पायाखालचा गालिचा, छताचं अस्तर, टेप. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलीस, तेवढं एक बरं केलंस. पण शेवटच्या चिठ्ठीवर काय लिहिलंस? ‘एकूण साधारण सत्तर किलो.’ बत्तीस वर्षं मी वजनमापं तपासली, वाण्याच्या तराजूपासून ट्रकच्या काट्यापर्यंत. त्या घरात वाढलेली मुलगी ‘साधारण’ लिहिते. मी एकेक वस्तू माझ्या काट्यावर चढवली. एकसष्ट किलो तीनशे. आठ किलो सातशेचा फरक तू नुसत्या शब्दाने झाकलास.

काढलेला प्रत्येक स्क्रू माझ्याकडे यायला हवा, ही अट माझीच होती, मान्य आहे. बाबा गेल्यावर महिन्याभरात तू गाडी घेऊन निघून गेलीस, फ्रीजवर चिठ्ठी चिकटवून. ‘गाडी नेतेय. बाबांनी मला देईन म्हटलं होतं.’ दोन वर्षं झाली त्याला. मधे एकदा दारात आलीस तीही गाडीच्या कागदांवर सही हवी म्हणून, आणि चपलाही काढल्या नाहीस. तेव्हाच मी अट घातली. मला वाटलं होतं, एखादा आरसा येईल, फार तर बंपर. तू गाडी सोलायला काढलीस, हे मला कोण सांगणार?

चढाच्या शर्यतीत पळवायची आहे म्हणे. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत, एकेकट्याने, घड्याळ लावून. मला टेम्पोवाल्याकडून कळलं. आईला परक्याच्या तोंडून कळावं, हा तुझा नवा शिरस्ता दिसतो.

एक विचारते. माझी सीट सगळ्यात आधी काढलीस का? चिठ्ठीवर एक नंबर घातला आहेस, म्हणून विचारते. एकोणीस वर्षं मी त्या सीटवर बसले. तेरा किलो चारशे भरली. ती आता खिडकीपाशी ठेवली आहे आणि येणारी जाणारी प्रत्येक बाई तिच्यावर बसून बघते, जणू माझ्या घरात पाळणा लागलाय.

आई

१४ फेब्रुवारी

गुंजे,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. फोन उचलत नाहीस, पण पत्राला उत्तर देतेस, हेही नसे थोडके. फोनवर तू मधेच बोलतेस. पत्रात तुला माझं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं.

इंजिन तेच राहतं, ओझं कमी झालं की गाडी चढावर झटकन उठते, वळणावर कमी सरकते आणि ब्रेकही लवकर लागतो, असं तू मला समजावलंस. जसं काही वजन हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकतेय. ताकद वाढवायला पैसा लागतो, वजन उतरवायला नुसता पाना लागतो, हे वाक्य मात्र तुझं नाही. ते तुझ्या मिस्त्रीचं असणार. सगळे त्याला पावशेर म्हणतात असं टेम्पोवाला सांगत होता. अंगाने असेल पावशेर, जिभेने मणभर दिसतो.

दुसरी खेप पोचली. एसीचं धूड, हीटर, मागची काच, हॉर्न, उन्हाची झडप. काचेऐवजी प्लॅस्टिक लावलंस, ठीक. हॉर्न काढून किती वाचले? तीनशे ऐंशी ग्रॅम. आणि झडपेच्या आत बाबांचा कंगवा तसाच होता. तो वेगळा काढून ठेवला आहे. त्याचं वजन मी केलेलं नाही.

आता रागाचं खरं कारण. टेम्पोवाला सामान उतरवून पाणी पीत उभा होता. मी सहज विचारलं, कशी आहे ती. त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, “मॅडम, ताई फार वाळल्यात. गाडीबरोबर त्यांनी स्वतःचंपण सहा किलो उतरवलंय. पावशेर म्हणतो, ते फुकटात उतरतं.”

फुकटात.

तू जन्मलीस तेव्हा एक किलो नऊशे होतीस. बाबांनी ओंजळीत धरून बघितलं आणि म्हणाले, ही तर गुंज आहे, सोनाराकडची. तेच नाव राहिलं. पहिले चार महिने मी रोज सकाळी तुला ऑफिसच्या तपासणीच्या काट्यावर झोपवून वजन करायची. नियमाने तो काटा घरी आणायला बंदी होती. साहेबांनी लेखी परवानगी दिली, ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. वीस ग्रॅम वाढले की आम्ही दोघं वेड्यासारखे हसायचो, पाच कमी झाले की बाबा जेवायचे नाहीत. आणि आज कोणी एक पावशेर ठरवतो की माझ्या मुलीचे सहा किलो फुकट आहेत.

तू जेवतेस की नाही, ते मला उत्तरात हवं. गाडीचं तू बघ.

आई

२४ फेब्रुवारी

गुंजे,

या पत्रावर तारीखही मी रागातच लिहिली आहे.

काल तिसरी खेप आली. छोटं पुडकं, जुन्या पडद्यात गुंडाळलेलं. वर चिठ्ठी: ‘दारातलं किरकोळ.’ मला वाटलं, हँडल असतील, काचा वरखाली करायच्या मुठी असतील. पडदा सोडला तर आत चार लोखंडी दांड्या. दोन लांब, दोन आखूड. मी गाडीतली तज्ज्ञ नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. त्याने एक दांडी हातात घेतली आणि मला विचारलं, गाडी भंगारात काढली का. मी म्हटलं, नाही, शर्यतीत चाललीये. त्याने दांडी पुन्हा पडद्यावर ठेवली, अगदी हळू.

दाराच्या पत्र्याआड ही दांडी आडवी असते. बाजूने काही येऊन आदळलं, किंवा गाडी फिरून कठड्यावर गेली, तर पत्रा आणि बरगड्या यांच्यामधे फक्त ती असते. हे त्याने सांगितलं. तुला हे माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. माहीत होतं म्हणून तर ‘किरकोळ’ लिहिलंस. कंगवासुद्धा न तपासता पाठवणारी तू, या दांड्या मात्र पडद्यात गुंडाळतेस.

तुमच्या शर्यतीचं नियमपत्रकही मी आधीच मागवून ठेवलं होतं. आयोजकांना पत्र लिहिलं की उत्तर येतं. लोक अजून तेवढे सभ्य आहेत. तुझ्या गटात आत लोखंडी पिंजरा लावायची सक्ती नाही. का नाही? कारण पुढच्याच ओळीत लिहिलंय की दारं मूळ बनावटीची आणि आतून शाबूत असली पाहिजेत. त्यांनी धरून चाललंय की दांड्या जागेवर आहेत. आणि तू धरून चालली आहेस की दार उघडून कोणी बघणार नाही. बाहेरून दार तसंच दिसतं. बंदही तसंच होत असेल, फक्त आवाज जरा पोकळ.

खालून छिद्र पाडलेली वजनं मी आयुष्यभर पकडली. वरून चकचकीत, पितळी, गोल. उलटी केली की कळायचं. माझ्याच मुलीने तसली चार दारं बनवली.

चौघींचं मिळून वजन सात किलो आठशे. एवढ्यासाठी.

शर्यत नऊ मार्चला आहे. दांड्या परत बसव. टेम्पोवाल्याच्या हाती परत पाठवते. हा सल्ला नाही.

आई

१ मार्च

गुंजे,

टेम्पोवाल्याने दांड्या परत आणल्या. तू त्या उतरवूनसुद्धा घेतल्या नाहीस म्हणे. बरोबर तुझं पत्र आलं, या वेळी दोन पानी. माझ्यावर गेलीस, लिहायला लागलीस की थांबत नाहीस.

तुझं म्हणणं असं की गटाची हद्द सातशे किलो आहे, चालवणाऱ्यासकट. त्याखाली गेलं की बाद. वर राहिलं की प्रत्येक किलोला वेळ वाया. तू सिमेंटच्या गोदामाजवळच्या वजनकाट्यावर गाडी नेलीस, आत स्वतः बसलीस, सातशे दहा भरले. उतरवण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. दांड्या काढल्या, पुन्हा गेलीस, बरोब्बर सातशे. म्हणून त्या काढल्या. म्हणून परत बसवणार नाहीस.

पुढे लिहितेस: ‘त्या काट्यावर तुझी मोहोर आहे, आई. शिशाची, तुझ्या नंबराची. मी मुद्दाम तोच काटा शोधला. जगात दुसऱ्या कशावर नसेल, पण तुझ्या मोहोरेवर माझा विश्वास आहे. तुझा नाही का?’

आणि मग तो धान्यवाला काढलास. मला माहीत होतं, कधीतरी काढशील. तुझ्या मैत्रिणीचे वडील, बाबांबरोबर कॅरम खेळणारे. त्यांच्या पाच किलोच्या वजनाखाली छिद्र निघालं, साठ ग्रॅम कमी. त्यांनी ते जुन्या बाजारातून घेतलं होतं आणि त्यांना ते माहीत नव्हतं, असं ते म्हणत होते. तू शाळेतून येऊन माझा पदर धरून रडलीस, सोड ना ग आई, म्हणत होतीस. बाबाही म्हणाले, या वेळी समज दे आणि सोड. मी खटला भरला. दुकान बंद झालं, मैत्रीण तुझ्याशी बोलायची थांबली. तू लिहितेस की तेव्हापासून तुला माझ्या घरात श्वास घेताना भीती वाटायची, जास्त भरला तर मी मोजीन.

माहीत नसण्याला वजन नसतं, असं मी तेव्हा म्हणाले होते. आजही म्हणेन. गिऱ्हाइकाच्या पिशवीतले साठ ग्रॅम खरे होते.

त्या काट्याबद्दल मला सध्या काही म्हणायचं नाही. एवढंच सांगते की तो ट्रकचा काटा आहे, दहादहा किलोंनी सरकतो. हत्तीच्या काट्यावर शेळी मोजायची आणि मग शेळीचे कान कापायचे, हा कुठला शहाणपणा?

तू गाडी काट्यावर कुठल्या टोकाला उभी केली होतीस? आत शिरतानाच्या की बाहेर पडतानाच्या? टेम्पोवाल्याजवळ तोंडी निरोप दे. आजच दे.

आई

६ मार्च

गुंजे,

निरोप मिळाला. बाहेर पडतानाच्या टोकाला. लहान गाड्या तिथेच पुढे घ्यायला लावतात, मागे ट्रकांची रांग असते म्हणून. मला तेच वाटलं होतं. देवाशपथ, चुकीचं ठरावं असं वाटत होतं.

काल मी टेम्पोवाल्याला घेऊन त्या काट्यावर गेले. काट्यावरचा माणूस ओळखीचा निघाला, उठून उभा राहिला, मॅडम बसा, सरबत मागवू का. मी म्हटलं, सरबत नको, तू मला तीनदा वजन करून दे. टेम्पो रिकामा होता, आत फक्त चालक. आत शिरतानाच्या टोकाला नऊशे वीस. मधे नऊशे वीस. बाहेरच्या टोकाला नऊशे साठ.

टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “मॅडम, मी एवढ्यात काही खाल्लं नाही हां.” काट्यावरचा माणूस हसला. मी हसले नाही.

टेम्पोवर चाळीस, म्हणजे तुझ्या हलक्या गाडीवर त्याच प्रमाणात अठ्ठावीसेक. तुझा सातशेचा आकडा खरा सहाशे बहात्तरचा आहे. तू हद्दीच्या खाली आहेस, अठ्ठावीस किलोंनी. शर्यतीच्या सकाळी आयोजक स्वतःच्या काट्यावर गाडी चढवणार, नियमपत्रकात लिहिलंय, आणि तुला तिथूनच घरी पाठवणार. इथे मला पत्र संपवता आलं असतं. काटा बिघडलाय, दांड्या बसव, एवढं पुरे होतं. तू बसवल्याही असत्यास. काल संध्याकाळी मी तेवढंच पत्र लिहिलं आणि सकाळी फाडलं.

काटा आत्ता बिघडलेला नाही. सहा वर्षांपूर्वी मी मोहोर मारली तेव्हाही तो असाच असणार. तेव्हा मी तो पुरता तपासला नाही.

मोठ्या काट्याची तपासणी तीन ठिकाणी करायची असते. एक टन वजनं, पंचवीस-पंचवीस किलोंची, हमाल आधी आतल्या टोकाला रचतात, मग मधे, मग बाहेरच्या टोकाला. त्या दिवशी ऑफिसची जीप बंद होती म्हणून बाबांनी मला आपल्या गाडीतून नेलं होतं. दोन ठिकाणचं झालं. तिसऱ्यासाठी हमाल वजनं उचलायला लागले आणि मी गाडीकडे पाहिलं. बाबा काच खाली करून बसले होते आणि एका हाताने छाती चोळत होते. मला बघून त्यांनी हात काढला, हसले, काही नाही अशी मान हलवली. वजनं सरकवायला अजून पाऊण तास लागला असता. मी हमालांना थांबवलं. तिसऱ्या रकान्यात पहिल्या दोन रकान्यांतलाच आकडा लिहिला, शिसं दाबून मोहोर मारली आणि गाडीत येऊन बसले. दवाखान्यात निघालं काय, तर गॅस. सोडा पिऊन मोठ्ठी ढेकर दिली त्यांनी. घरी येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. त्याच सीटवर बसून मी हसत होते, जी आता खिडकीपाशी आहे.

उद्या जाऊन तिसरं टोक बघू, असं मी मनाशी म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे ड्युटी लागली. मग कधीच गेले नाही. चार वर्षांनी बाबांना खरंच छातीत दुखलं तेव्हा त्यांनी मला हाक मारली नाही, गॅस असेल म्हणून पडून राहिले. हेही तुला कधी सांगितलं नव्हतं.

माझ्यानंतर दरवर्षी कोणी ना कोणी निरीक्षक तिथे गेला असेल. काल पाहिलं, माझ्या मोहोरेशेजारी ओळीने त्यांच्या आहेत. बाहेरच्या टोकाला कोणी गेलं नाही. मॅडमचा काटा आहे, त्याला काय बघायचं. माझ्या नावाचा दरारा एवढा कडक, की माझी एक चूक सहा वर्षं सगळ्यांनी जपली. आणि शेवटी तुझ्या दारापर्यंत पोचवली.

धान्यवाल्याला त्याच्या वजनाखालचं छिद्र माहीत नव्हतं. मला माझं माहीत होतं. त्याच्यावर मी खटला भरला आणि जेवायला बसले.

आज सकाळी ऑफिसला रीतसर अर्ज दिला, माझ्याच मोहोरेविरुद्ध. नवा साहेब पोरगेला आहे, दोनदा वाचला, मग म्हणाला, मॅडम, आता कशाला, तुम्ही निवृत्त झालात. मी म्हटलं, काटा निवृत्त झालेला नाही. दुपारी त्याला टाळं लागलं. माझं काय करायचं ते ते ठरवतील.

तू म्हणालीस, माझ्या मोहोरेवर तुझा विश्वास आहे. ठेवू नकोस. दांड्यांवर ठेव.

आई

८ मार्च

गुंजे,

तू काहीच कळवलं नाहीस. बरोबर आहे, मीही नसतं कळवलं. म्हणून हे पत्र पोस्टात पडणार नाही. हे मी स्वतः घेऊन येईन. टेम्पो तुझ्या गॅरेजसमोर उभा असेल, मी पुढे चालकाशेजारी बसलेली असेन आणि त्याच्याबरोबर हे आत पाठवीन. तू वाचून होईपर्यंत मी खाली उतरणार नाही. रडून वगैरे तुला भरीला पाडलं, असं मला उद्या ऐकून घ्यायचं नाही.

मी अजून रागात आहे. ‘किरकोळ’ या शब्दासाठी मरेपर्यंत रागात राहीन. तू माझ्यावर रागात आहेस, तेही खरं आहे आणि मी त्यातून एक ग्रॅमही कमी करून मागणार नाही. पण उद्या सकाळी तू त्या रस्त्यावर गाडी घालणार, आणि तिथे दर वळणाला कठडा आहे.

हिशेब असा आहे. तुला अठ्ठावीस किलो कमी पडतात. पावशेर म्हणेल, तळाला शिसं बांधू. त्याला सांग, या घराने शिसं पुरेसं वापरलं. चार दांड्या, सात किलो आठशे. त्या पायाशी ठेवल्या आहेत, त्याच पडद्यात. त्यांच्यासह एकवीस किलो दोनशे होतील एवढी आणखी एक वस्तू मागे दोरीने बांधली आहे. नियमात बसते, मी पाहिलं. रिकामी राहील, कोणी बसायचं नाही, मीसुद्धा मागणार नाही. बाबांच्या शेजारची जागा होती, तुझ्या शेजारी असेल.

उरले सहा किलो आठशे. ते तू उतरवलेस तेवढेच आहेत, किंचित जास्त. ते एका दिवसात भरून येणार नाहीत, हे मला माहीत आहे. उद्यापुरती वाळूची पिशवी बांध. बाकीचं आपण नंतर बघू. डबा आणला आहे, चार माणसांचा. एक पावशेराला दे.

वाचून झालं असेल तर बाहेर ये आणि सीटचं एक टोक धर. मला एकटीला ती उतरवता येत नाही. तेरा किलो चारशे आहे.

आई